पुणे वाढणार, पण कोणत्या अंगाने?

घरात मुले कर्ती झाली, सुना आल्या, नातवंडे रांगू लागली, की कुटुंबापुढे एक प्रश्न उभा राहतो. आहे त्या घरावर माडी चढवावी, परसातील जागा घेऊन दोन खोल्या वाढवाव्यात, की थोरल्याने दुसरीकडे स्वतंत्र बिऱ्हाड करावे? घरातील वडील माणूस शहाणे असेल तर ते केवळ पैशांचा हिशेब करीत नाही. माडी चढविली तर जुन्या भिंती भार सोसतील काय, परस गेले तर सांडपाणी कोठे मुरेल, वेगळे बिऱ्हाड केले तर थोरल्याला रोज किती वणवण पडेल, हे सारे ते पाहते. शहर हे असेच एक मोठे घर आहे. मात्र घराच्या बाबतीत जो विचार आपण दहा वेळा करतो, तो शहराच्या बाबतीत बहुधा एकदाही होत नाही. आणि घराची भिंत चुकली तर ती पाडून पुन्हा बांधता येते. बुजविलेला ओढा आणि फोडलेली टेकडी मात्र परत आणता येत नाही.

शहराच्या वाढीचे जे निरनिराळे मार्ग असतात त्यांचा पाणी, माती आणि हवा यांवर काय परिणाम होतो, आणि हे परिणाम एकमेकांशी ताडून कसे पाहावेत, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. उदाहरण आम्ही पुण्याचेच घेतो. ते आपणां सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे, आणि शहराच्या वाढीचे जितके म्हणून मार्ग आहेत ते सर्व पुण्याने कधी ना कधी चोखाळले आहेत.

वाढीचा इतिहास

नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून शहरातील हौदांत सोडले गेले, आणि त्या पाण्याच्या आधाराने पेठा वसल्या. पुढे १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण उभे राहिले. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महानगरपालिका झाली. त्यानंतर १२ जुलै १९६१ हा दिवस उजाडला. पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो संसार वाहून गेले. विस्थापितांना गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या नव्या वसाहतींत जागा मिळाल्या. एका दिवसाच्या आपत्तीने शहराला जुन्या पेठांच्या बाहेर ढकलले, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडकडे कारखाने उभे राहत होते; तेथे १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. म्हणजे पुण्याला एक धाकटे भावंड जन्मले व ते वेगाने वाढले.

यानंतरचा इतिहास मुख्यतः हद्दवाढीचा आहे. १९९७ साली भोवतालची ३८ गावे पालिकेत घेण्याचे ठरले आणि पुढे त्यांतील काही वगळण्यात आली. २०१७ साली ११ गावे आली. २०२१ साली आणखी २३ आली, आणि हद्दीचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरांच्या पुढे गेले. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांहून अधिक भरली होती. तेव्हापासून ती वाढतच आहे, हे सांगण्यास जनगणना नको. कोणत्याही सकाळी रस्त्यावर उभे राहिले म्हणजे पुरे.

ही वाढ कोणी आधी बसून ठरविली काय? नाही. घरे आधी झाली, मग गाव हद्दीत आले, मग आराखडा झाला, आणि नळ व गटारे सर्वांत शेवटी आली. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने शहराच्या कडेला नवी सदनिका घेतली. खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणून सारे आनंदात होते. पहिल्याच उन्हाळ्यात कूपनलिका आटली आणि सोसायटीचे पाणी टँकरवर आले. घरात तीन माणसे कामाला जाणारी. त्यांना दोन दुचाक्या आणि एक मोटार घ्यावी लागली, कारण बस अर्ध्या वाटेपर्यंतच येत होती. या कुटुंबाची चूक काय? काहीच नाही. परवडेल तेथे त्यांनी घर घेतले. परंतु अशी लाखो कुटुंबे मिळून शहराची दिशा ठरते, आणि ती दिशा कोणी निवडलेली नसते.

चार वाटा

शहर वाढण्याच्या मुख्य वाटा चार. पहिली उभ्या वाढीची. म्हणजे आहे त्या वस्तीत जुने वाडे आणि बैठी घरे जाऊन त्या जागी उंच इमारती उभ्या करणे. चटई क्षेत्र निर्देशांक वाढविणे म्हणतात ते हेच. दुसरी पसरट वाढीची. कडेची शेते बिनशेती करून शहर तेल सांडल्याप्रमाणे चहूंकडे पसरू देणे. तिसरी वाट रुळांच्या वा मोठ्या रस्त्यांच्या कडेने वाढण्याची. बोटे पसरलेल्या हाताप्रमाणे शहर काही ठरावीक दिशांनी लांब जाते आणि बोटांच्या मधली जागा मोकळी राहते. कोपनहेगन शहराने १९४७ साली नेमका असाच आराखडा केला, आणि त्याला 'बोटांचा आराखडा' असेच नाव पडले. चौथी वाट वेगळ्या बिऱ्हाडाची. मूळ शहरापासून काही अंतरावर जोडशहर वसविणे.

या चार वाटांची तुलना करावयाची तर पहिला नियम असा, की माणसे तेवढीच धरली पाहिजेत. एका बाजूस पाच लाखांची वस्ती आणि दुसऱ्या बाजूस पंधरा लाखांची, अशी तुलना केली तर ती वकिली होईल, विचार होणार नाही. म्हणून पुण्यात आणखी १० लाख माणसे यावयाची आहेत असे आम्ही गृहीत धरतो. पुढील आकड्यांतील काही निव्वळ गृहीतके आहेत. त्यांचा उपयोग प्रमाण समजण्यापुरता करावा.

जमीन आणि पाणी

प्रथम जमीन. दर हेक्टरी ५०० माणसे राहिली तर १० लाखांस २० चौरस किलोमीटर जागा पुरते. दर हेक्टरी १०० राहिली तर १०० चौरस किलोमीटर लागतात. म्हणजे पसरट वाढीने ८० चौरस किलोमीटर जास्त जमीन व्यापली जाते. परंतु जमीन नुसती मोजून भागत नाही, ती कोणती हेही पाहावे लागते. पुण्याच्या पूर्वेस हडपसर, मांजरी, लोणीकडे गेलो तर कालव्याखालची काळी कसदार शेती आहे. पश्चिमेस गेलो तर डोंगर, भाताची खाचरे आणि धरणांची पाणलोट क्षेत्रे आहेत. पूर्वेस वाढलो तर आपले ताट रिकामे होते, पश्चिमेस वाढलो तर आपला घडा गढूळ होतो. ज्या दिशेस काहीच गमवावे लागत नाही, अशी दिशा पुण्याला नाही.

आता पिण्याचे पाणी. माणशी रोज १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे रूढ प्रमाण धरले, तर १० लाख माणसांस रोज साडेतेरा कोटी लिटर आणि वर्षाला सुमारे पावणेदोन टीएमसी पाणी लागते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी आहे, आणि तिच्यावर शहराबरोबरच हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. माणूस पाचव्या मजल्यावर राहिला काय आणि बंगल्यात राहिला काय, त्याची तहान तेवढीच असते. म्हणून पाण्याच्या मूळ गरजेत या चार वाटांमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो नळाच्या लांबीत. पसरट वस्तीत नळ दूरवर न्यावे लागतात, जितके सांधे अधिक तितकी गळती अधिक, आणि नळ पोचेपर्यंतची वर्षे कूपनलिकांवर व टँकरवर काढावी लागतात. त्या काळात भूजलाचा जो उपसा होतो, त्याची नोंद कोणत्याही वहीत नीट होत नाही.

जे पाणी येते ते जातेही. पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे धरतात; म्हणजे आपल्या १० लाखांचे रोज जवळजवळ पावणेअकरा कोटी लिटर. ते शुद्ध न करता मुळा-मुठेत सोडले तर भीमेतून थेट उजनीच्या धरणात जाते, आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. पुण्याची वाढ कशी व्हावी या चर्चेत सोलापूरच्या माणसाला कोणी बोलावीत नाही. परंतु तिचा परिणाम त्याच्या घागरीत उतरतो. या बाबतीत दाट वस्तीची बाजू उजवी आहे, कारण थोड्या जागेतील सांडपाणी गोळा करून शुद्ध करणे सोपे जाते. मात्र एक अट आहे. जुन्या पेठांतील नळ्या ज्या वस्तीसाठी घातल्या, तिच्या तिप्पट वस्ती वर चढविली आणि नळ्या त्याच ठेवल्या, तर सोपे काम अशक्य होऊन बसते.

पावसाचा हिशेब

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजकडून उतरणारा हा ओढा एरवी गटारासारखा वाहतो. त्या रात्री सहकारनगर आणि खालच्या वस्त्यांत त्याने घरांच्या भिंती पाडल्या, मोटारी काडीसारख्या वाहून नेल्या, आणि शहर व परिसरात मिळून वीसहून अधिक माणसांचे प्राण गेले. १९६१ च्या पुराने ज्या भागांत माणसे आणून बसविली त्यांतलाच एक भाग अठ्ठावन्न वर्षांनी दुसऱ्या पाण्याखाली जावा, हा योग चटका लावणारा आहे. पहिला पूर धरण फुटल्याचा होता. दुसऱ्याला धरण नव्हते. पाऊस होता, आणि त्याला जावयास जागा नव्हती.

हा हिशेब असा आहे. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० कोटी लिटर पाणी होते. मोकळ्या रानातून त्यातील समजा ३० टक्के वाहून जाते. विरळ बांधलेल्या वस्तीतून ६० टक्के, आणि दाट बांधलेल्या वस्तीतून ९० टक्के वाहते असे धरू. आता आपले १० लाख लोक १०० चौरस किलोमीटरांत विरळ बसविले, तर अशा एका पावसात ६०० कोटी लिटर पाणी ओढ्यांत येईल. तेच लोक २० चौरस किलोमीटरांत दाट बसविले आणि उरलेले ८० रान राखले, तर दाट भागातून १८० कोटी आणि रानातून २४० कोटी, असे एकूण ४२० कोटी लिटर येईल. म्हणजे दाट वस्तीने एकंदर पूर बराच कमी होतो.

परंतु हाच हिशेब दुसऱ्या बाजूने वाचा. दाट भागात दर चौरस किलोमीटरला ९ कोटी लिटर पाणी उसळते, विरळ भागात ६ कोटी. ते उसळते नेमके तेथे, जेथे ओढे आधीच अरुंद झाले आहेत आणि काठावर गरिबांच्या वस्त्या आहेत. शहराचा एकूण फायदा होतो आणि एका ओढ्याकाठच्या माणसांचा जीव जातो, असे दोन्ही एकाच वेळी घडू शकते. सरासरीवर विसंबणाऱ्याला हे दिसत नाही. म्हणून उभ्या वाढीस परवानगी देण्यापूर्वी त्या भागातील ओढ्याची रुंदी आणि पाणी वाहून नेण्याची ताकद पाहणे, हे काम अभियंत्याचे आहे तितकेच नागरिकांच्या जिवाचे आहे.

येण्याजाण्याचा हिशेब

आता हवा. १० लाखांतील ४ लाख माणसे रोज कामास जातात असे धरू. काम घरापासून ५ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० किलोमीटर होतात. १५ किलोमीटरवर असेल तर ३० होतात. दोहोंत माणशी २० किलोमीटरांचा फरक, म्हणजे सर्वांचा मिळून रोज ८० लाख किलोमीटर. एवढ्यात पृथ्वीला २०० प्रदक्षिणा होतील. हे अंतर दुचाकीवर कापले आणि एका लिटरला ४० किलोमीटर पडले, तर रोज २ लाख लिटर पेट्रोल अधिक जळते. दर लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो रोजचा सुमारे ४६० टन झाला. धूळ, गोंगाट आणि माणसाच्या आयुष्यातून गेलेले तास यांची मोजदाद यात नाही.

येथे तिसऱ्या वाटेचे महत्त्व कळते. माणसे रुळांच्या जवळ राहिली तर अंतर लांब असले तरी त्याचा भार हवेवर कमी पडतो. पुण्यात २००६ साली बससाठी स्वतंत्र मार्गिका करून पाहिल्या. ६ मार्च २०२२ पासून मेट्रो धावू लागली. मेट्रोच्या स्थानकांभोवती जास्त बांधकाम करू देण्याचे धोरण आले आहे, आणि त्याचे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु स्थानकाजवळच्या घरांत जर प्रत्येकी दोन मोटारींची जागा बांधून दिली आणि स्थानकापर्यंत चालत जाण्यास धड पदपथ नसला, तर राहणारा मेट्रोकडे पाहत मोटारीने जाईल. वाढ रुळांच्या कडेने झाली, पण रुळांवर चढली नाही, असा तो प्रकार होईल.

वेगळ्या बिऱ्हाडाची परीक्षा

जोडशहराची कल्पना ऐकावयास सर्वांत गोड. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मुंबईच्या पूर्वेस, खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची सूचना केली. मुंबई उत्तरेकडे एकाच रेषेत लांबत चालली होती. तिला दुसरे केंद्र द्यावे, हा विचार निःसंशय दूरदृष्टीचा होता. १९७० साली सिडको स्थापन झाले आणि ३४४ चौरस किलोमीटरांवर नव्या मुंबईचे काम सुरू झाले. तथापि राज्याचा कारभार खाडी ओलांडून गेला नाही. कचेऱ्यांची गर्दी नरीमन पॉइंटवर, आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात होत राहिली. वाशीला आगगाडी पोचली ती १९९२ साली. मधली वीस-बावीस वर्षे तेथे राहावयास गेलेल्या माणसाला कामासाठी मुंबईतच यावे लागे. ज्यांची जमीन गेली त्या आगरी-कोळी गावकऱ्यांनी तर १९८४ साली आंदोलनात पाच माणसे गमावली, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

नवी मुंबई आज उभे शहर आहे, आणि ती नसती तर मुंबईचे काय झाले असते, हाही विचार करावा. परंतु तिचा धडा स्पष्ट आहे. काम आणि आगगाडी आधी, घरे मागाहून, हा क्रम उलटला तर जोडशहर म्हणजे केवळ दूरचे उपनगर ठरते. दुसरा धडा पुण्याच्याच परिसरातला आहे. वरसगावच्या जलाशयाकाठी डोंगरांत लवासा वसविण्यात आले. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तेथील काम थांबविले, आणि २०१८ साली त्या कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीत गेले. डोंगर मात्र फोडले गेले ते गेलेच. याउलट हडपसरला मगरपट्ट्यातील शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून, स्वतः भागीदार राहून वसाहत उभी केली, आणि घरांबरोबरच कामाच्या जागाही तेथेच केल्या. ही कडेचीच वाढ. पण ठरवून केलेली आणि जमीनमालकाला देशोधडीस न लावणारी.

तोलावे कसे?

आता प्रश्न असा, की हे सारे एका तराजूत घालावयाचे कसे? अलीकडे एक पद्धत रूढ आहे. एक तक्ता करावयाचा, प्रत्येक मार्गाला जमिनीबद्दल इतके गुण, पाण्याबद्दल इतके, हवेबद्दल इतके, असे द्यावयाचे, आणि बेरीज करून जो पहिला येईल त्यास पसंत करावयाचे. ही पद्धत शाळेच्या परीक्षेस ठीक आहे. परंतु गणितात नापास झालेला मुलगा चित्रकलेत पहिला आला म्हणून त्यास हिशेबनीस नेमीत नाहीत. तसेच एखाद्या मार्गाने उद्याने भरपूर दिली, म्हणून त्याने बुजविलेला ओढा माफ होत नाही.

म्हणून आमच्या मते तोलण्याच्या तीन पायऱ्या असाव्यात. पहिली, जे एकदा गेले तर परत येत नाही ते तराजूबाहेर ठेवावे. टेकड्या, ओढे व नद्यांची पात्रे, आणि धरणांच्या काठचे पाणलोट हे या वर्गात येतात. नव्या गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरील ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी राखले गेले, त्यामागील तत्त्व हेच होय. या गोष्टींवर गुण द्यावयाचे नसतात. त्यांना धक्का लावणारा मार्ग परीक्षेसच बसू नये. मात्र ज्यांची खासगी जमीन टेकडीवर अडकली, त्यांस योग्य मोबदला वेळेवर मिळाला पाहिजे. नाही तर राखीव हा शब्द कागदावर राहतो आणि टेकडीवर रातोरात घरे उठतात.

दुसरी पायरी, प्रत्येक परिणाम कोण सोसतो हे लिहून काढावे. कचऱ्याचे ढीग अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत राहिले. कचरा करणारे एका ठिकाणी आणि दुर्गंधी सोसणारे दुसऱ्या ठिकाणी, अशी ती वाटणी होती. ज्या मार्गाचा फायदा एकास आणि त्रास भलत्याच माणसास होतो, तो स्वस्त दिसला तरी स्वस्त नसतो.

तिसरी पायरी, उरलेल्या गोष्टींची तुलना करावी आणि त्यात 'काहीच न ठरविणे' हाही एक मार्ग म्हणून धरावा. पुष्कळ लोकांस वाटते, की निर्णय केला नाही म्हणजे परिणामही होत नाही. वस्तुतः पुण्याचा गेल्या तीस वर्षांचा मार्ग बहुतांशी हाच आहे, आणि त्याचे परिणाम आपण रोज भोगतो आहो.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. कागदावर या चार वाटा एकमेकींना पर्याय म्हणून येतात. प्रत्यक्षात चारही एकदम चालू राहतात. पेठांत माड्या चढतात, कडेची शेतेही जातात, मेट्रोच्या बाजूसही इमारती उठतात, आणि डोंगरातही घरांच्या जाहिराती लागतात. मग दाट वस्तीचा त्रास पदरी पडतो आणि रान वाचल्याचा लाभ मात्र मिळत नाही. वर आम्ही पावसाचा जो हिशेब मांडला, त्यातील ८० चौरस किलोमीटर रान खरोखर रान राहिले तरच त्याचे उत्तर बरोबर येते. एक दार उघडावयाचे तर दुसरे बंद करण्याचे धैर्य असले पाहिजे. लंडनने १९४४ च्या ॲबरक्रॉम्बी यांच्या आराखड्यानुसार शहराभोवती हरित पट्टा राखला आणि तो बऱ्याच अंशी टिकविलाही. परंतु पुष्कळ माणसे पट्ट्यापलीकडच्या गावांत राहावयास गेली आणि रोज पट्टा ओलांडून कामास येऊ लागली. नुसते दार बंद करूनही भागत नाही. आत परवडणारी जागा असावी लागते.

आमचा कौल

आमचा कौल असा. वाढीचा मोठा वाटा रुळांच्या आणि बसमार्गांच्या कडेने, मध्यम उंचीच्या दाट वस्तीत सामावावा, परंतु आधी त्या भागातील सांडपाण्याच्या नळ्या आणि ओढे सुधारावेत. कडेची जी वाढ अटळ आहे, ती शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते-नळ-गटारे आधी घालून करावी. नगररचना योजनेचे साधन आपल्या राज्यात १९१५ च्या कायद्यापासून उपलब्ध आहे, आणि शेजारच्या गुजरातने त्याचा आपल्याहून अधिक उपयोग केला आहे. जोडशहर करावयाचे तर काम आणि आगगाडी आधी नेल्यावाचून करू नये. पश्चिमेच्या डोंगरांत वाढ नकोच. यात पेठांतील जुन्या भाडेकरूस आणि कडेच्या शेतकऱ्यास काही सोसावे लागेल, हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्यांचे म्हणणे शेवटी नव्हे, आरंभी ऐकावे असा आमचा आग्रह आहे.

एक गोष्ट सांगावयाची उरते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या इमारतीस पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे एकेका इमारतीची परीक्षा होते. परंतु सबंध शहराच्या विकास आराखड्याची तशी परीक्षा घेण्याचे बंधन आपल्या देशात नाही. युरोपात २००१ च्या निर्देशानुसार अशा आराखड्यांचे परिणाम पर्यायांसह तपासावे लागतात. प्रत्येक वीट पारखून घ्यावयाची आणि घराचा नकाशा मात्र पाहावयाचा नाही, असा हा आपला न्याय आहे. महापालिका दरवर्षी पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल काढते. पण तो झाल्या गोष्टींची नोंद करतो, होऊ घातलेल्या गोष्टींची नव्हे.

कायद्याने बंधन नसले तरी नागरिकांस विचारण्याची मनाई नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. आपल्यापैकी बहुतेक जण त्या वेळी एवढेच पाहतात, की आपल्या भूखंडावर आरक्षण पडले की नाही. तेवढे अवश्य पाहावे. परंतु त्याबरोबर चार प्रश्नही लेखी विचारावेत. येणारी माणसे कोठे राहतील आणि कोठे काम करतील? त्यांचे पाणी कोठून येईल आणि कोणाच्या वाट्याचे कमी होईल? सांडपाणी व कचरा कोणाच्या दारात जाईल? आणि मोठ्या पावसाच्या रात्री आमच्या वस्तीचे पाणी कोणत्या वाटेने नदीस मिळेल? शेकडो घरांतून हे चार प्रश्न गेले, तर उत्तर शोधणे कोणालाही टाळता येणार नाही. आराखडा वीस वर्षांसाठी असतो. आज शाळेत जाणारी आपली मुले तेव्हा संसाराला लागलेली असतील, आणि आपण काय विचारले किंवा काय विचारले नाही, याचे फळ त्यांच्या पदरात पडेल. एवढे सांगून आम्ही हे विवेचन पुरे करतो.